भिशीतला मासा

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या ना, भिंतीजवळ. नाही हो, तसं वाईट काही नाही… वाईट कसलं, मी तर म्हणते आमच्या भिशीत इतकी मजा याआधी आलीच नव्हती. आणि तुम्ही नेमक्या परवाच नाहीत! एखादं हळदीकुंकू चुकवलंत तर चालतं, पण ही भिशी चुकवायला नको होती तुम्ही.

माशावरून झालं सगळं. आता आपली सावेडी कुठे आणि समुद्र कुठे! इथे मासा म्हटला की मुळा धरणाचा रोहू नाही तर कटला, तोही ज्यांच्यात चालतो त्यांच्यात. पण हा खायचा मासा नव्हे, बघायचा. आणि तो नुसता बघण्यावरून दोन शहाण्या बायकांची अशी जुंपली…

थांबा, पहिल्यापासून सांगते. ते कोपऱ्यावरच्या बंगल्यातले बँकेतून रिटायर झालेले काका आहेत ना, नाव नको घ्यायला, त्यांच्या किचनची खिडकी आपल्याच मागे उघडते. ते दोघं मालवणला जाऊन आले हे तुम्हाला माहितीच आहे. अख्ख्या प्रोफेसर कॉलनीला माहिती आहे, कारण वहिनींनी रिझर्वेशन व्हायच्या आधीपासूनच सांगायला सुरुवात केली होती. बरं, गेल्या तर गेल्या, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे जाऊन पाण्यात उतरल्या! स्नॉर्कलिंग हो. तोंडात नळी, डोळ्याला चष्मा, काखेत ती रबरी ट्यूब. कोण, तर आपल्या वहिनी! ज्यांना पाइपलाइन रोडला पावसाचं पाणी साचलं की पलीकडे जायला रिक्षा लागते.

तर भिशी या खेपेला त्यांच्याकडे. साबुदाणा वडे छान होते, खोटं कशाला बोलू. चटणीत मीठ कमी. वड्यांच्या बशा खाली ठेवायच्या आतच वहिनींनी काकांना हाक मारली, "अहो, ते लावा ना." काका आधीच रिमोट घेऊन पडद्यामागे उभे. त्या बोटवाल्याने पाण्याखालच्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ, तो मोठ्या टीव्हीवर.

पहिल्यांदा आले ते पिवळसर अंगाचे, पाच काळ्या पट्ट्यांचे. ढिगाने! बोटवाल्याने बिस्किटं चुरून टाकली होती पाण्यात, म्हणून नुसती झुंबड. त्यांना सार्जंट म्हणतात, ते काही विशेष नाही, बिस्किटाला सवकलेली जमात आहे ती. पण मागे खडकापाशी दोन मासे होते. दोनच. बिस्किटाकडे ढुंकून बघत नव्हते. एक पुढे, एक त्याच्या शेपटीला लागून. चपटे, ताटलीएवढे, तोंड पुढे निमुळतं. पांढऱ्या अंगावर बारीक काळ्या तिरप्या रेघा, त्याही गंमत बघा, खांद्याकडच्या एका दिशेने जातात आणि पोटाकडच्या दुसऱ्या, मध्ये येऊन काटकोनात भिडतात. डोळ्यावरून काळी पट्टी. आणि मागचा सगळा भाग काळाकुट्ट, शेपूट तेवढी पिवळी. मी तर वडा हातात धरून बघतच राहिले.

वहिनी म्हणाल्या, "हा एंजल फिश." अगदी ठासून. स्वतः पाण्यात उतरलेलं माणूस, कोण बोलणार?

सरांच्या मिसेस बोलल्या. त्यांच्याशिवाय कोण! सर इतिहासाचे, पण मिसेसना सगळे विषय येतात. पर्समधून मोबाइल काढला, टीव्हीचा फोटो घेतला, मोबाइलने काहीतरी उत्तर दिलं आणि म्हणतात कशा, "एंजल नाही हो, हा वॅगाबाँड बटरफ्लाय फिश आहे. हे काय, लिहूनच आलंय." वहिनींचा चेहरा असा झाला… नाही, उतरला नाही लगेच, आधी ताणला. "लिहून येणारं सगळं खरं असतं का?" इतकंच म्हणाल्या. तेवढ्यात पडद्यावर तिसराच एक आला. पांढरा, दोन रुंद काळे पट्टे, पाठीवरून लांबच लांब पांढरा दोरा सुटलेला. मिसेसना आणखी चेव आला. "आणि हा मूरिश आयडल! आमच्या नातवाच्या निमोच्या सिनेमात आहे तो, गिल का काय नाव त्याचं." वहिनी म्हणाल्या, "तोही एंजलच. आम्हाला बोटवाल्याने सांगितलंय." यावर काकांनी पडद्यामागून हळूच, "बोटवाला असं काही बोलला नव्हता गं…" झालं! वहिनींनी काकांकडे जे बघितलं ना, मला तर वाटलं रिमोट वितळतो आता.

मग काय, पैज लागली. हरेल तिने सगळ्यांना पार्टी द्यायची. पण ठरवणार कोण?

आणि इथे ती बोलली. तुमचा विश्वास नाही बसणार. ती हो, मागच्या गल्लीतली माळकरी आजी आहे ना, तिची नवी सून. लग्नाला वर्ष होईल आता, पण भिशीत कधी तोंड उघडलेलं नाही. पुण्यात जमलेलं लग्न ते, मुलगी आचऱ्याची, मालवणजवळच्या. वडिलांची होडी आहे. आणि दिली कुठे, तर जिथे कांदा-लसूण चातुर्मासात हद्दपार आणि माशाचं नाव काढलं तरी आजी तुळशीची माळ चाचपते! आजींनी तर लग्नात सगळ्यांना सांगितलं होतं, मुलगी एमेस्सी आहे म्हणून. कशात एमेस्सी ते मात्र गिळून टाकलं होतं. प्राणिशास्त्र हो! मासेच शिकलेत पोरीने.

तर ती कोपऱ्यातून म्हणाली, "काकू, जरा मागे घ्या ना व्हिडिओ. तो पाठीमागून दिसतो तिथे." सगळ्या चूप. आजींनी माळेवर हात ठेवला, मी बघितलं.

ती उठली, टीव्हीपाशी गेली आणि बोट लावून दाखवायला लागली. एंजल नाही, ती म्हणाली, एंजल फिशच्या गालावर खालच्या बाजूला एक काटा असतो, मागे वळलेला. इथे गाल साफ. वहिनी एका वाक्यात आउट. मिसेस हसायला लागल्या, तेवढ्यात त्यांच्याकडे वळली. "मावशी, बटरफ्लाय बरोबर. पण वॅगाबाँड नाही. वॅगाबाँडच्या मागच्या बाजूला नुसता एक काळा पट्टा असतो आणि त्याच्या मागचे कल्ले पिवळे. ह्याचा बघा, पाठीचा कल्ला, पोटाकडचा कल्ला, मागचं अंग, सगळं काळं. हा डेक्युसेटस. आपल्या इकडचाच. भारत, श्रीलंका, अंदमानच्या बाजूचा समुद्र, साधारण हेच याचं गाव. तो वॅगाबाँड पार आफ्रिकेपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरलेला. रेघा दोघांच्या सारख्याच, म्हणून मोबाइल फसतो." वर आणखी काय, वॅगाबाँडला नाव 1758 मध्ये लिनियसने दिलं आणि याला 1829 मध्ये कुव्हिएने. तारखांसकट! सरांच्या मिसेसना तारखांवर हरवलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. आवाज आला चेनचा, इतकी शांतता.

आणि तो दोरेवाला? तोही मूरिश आयडल नाहीच! मूरिश आयडलची शेपूट काळी असते, म्हणे, आणि तोंडावर नारिंगी खोगीर. याची शेपूट पिवळी. हा बॅनर फिश, तो बटरफ्लायच्याच कुळातला. मूरिश आयडलचं तर खानदानच वेगळं, त्या कुळात तो एकटाच उरलाय. म्हणजे बघा, दोघीही हरल्या.

तर काय सांगत होते… हां, आजी. आजींचा चेहरा. आधी तर त्यांना कळेचना रागवायचं की काय करायचं. घरात जो विषय वर्ज्य, त्यावर सून चारचौघींत बोलतेय आणि चारचौघी तोंडाचा आ करून ऐकतायत. एकदा माळेकडे बघतात, एकदा आमच्याकडे. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय हुशार आहे हो तुमची सून!" आणि आजींचा हात माळेवरून निघाला आणि पदराकडे गेला, पदर सारखा करायला. त्यातच सगळं समजा.

मग प्रश्नांचा पाऊस. पहिला प्रश्न कुणाचा असणार, "यातला नवरा कोणता गं?" ती म्हणाली, सांगता नाही येत. नर-मादी दिसायला एकसारखे. पण ही जोडी असते, आणि यांच्यातल्या कितीतरी जाती वर्षानुवर्षं त्याच जोडीदाराबरोबर राहतात. ठरलेला खडक, ठरलेला रस्ता, दुसरी जोडी हद्दीत आली की पाठीवरचे काटे उभे करून, डोकं खाली घालून सामोरे जातात. दोघं मिळून! हे ऐकल्यावर वहिनींनी परत पडद्यामागे बघितलं. काका तिथे नव्हते. साबुदाणा वड्यांच्या ताटापाशी होते.

सगळेच असे नसतात पण. तिने सांगितलं, एक लाल शेपटीचा असतो, तपकिरी अंगाचा, डोळ्यामागे पांढरी पट्टी, शास्त्रात त्याला कोलारे म्हणतात, तो घोळक्यानेही फिरतो. आणि बॅनर फिशचा एक सख्खा भाऊ आहे, हुबेहूब तसाच दिसणारा, त्याचे तर शेकड्यांनी थवे, वर पाण्यात तरंगणारे बारीक जीव खात हिंडतात. एकाच कुळात एक घरकोंबडा, एक जत्रेकरी. आपल्या कॉलनीत काय वेगळं आहे? ते जाऊ दे.

दुसरा प्रश्न मी विचारला. बिस्किटाला का आले नाहीत? हे बघा, मला पहिल्यापासून तेच खटकत होतं. तर ती म्हणाली, यांचं तोंड बघा. पुढे चिमट्यासारखं निघालेलं, आणि आत दात म्हणजे बारीक केसांचा ब्रश. खडकाच्या फटीतून वेचून खायचं तोंड आहे ते. डेक्युसेटस काही फार नखरेवाला नाही, शेवाळ खातो, किडे खातो, प्रवाळाचे जीवही टिपतो. पण त्याच्या नात्यातले काही इतके चोखंदळ की जिवंत प्रवाळाशिवाय कशाला तोंड लावत नाहीत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे हं, ते तर तुम्हाला माहितीच आहे, लाखो इवले इवले जीव असतात ते, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधणारे. हे मासे त्या घरातून एकेक जीव टिपून खातात आणि पुढच्या घराकडे जातात. एका घरचं सगळं संपवत नाहीत.

यावर डॉक्टरीणबाई एकदम गप्प. तुम्हाला आठवतंय ना, गुलमोहर रोडच्या त्यांच्या हॉलमधला तो खाऱ्या पाण्याचा टँक? निळ्या दिव्यांचा? केवढ्याला आणला होता ते मी सांगत नाही, त्यांनीच सगळ्यांना सांगितलंय. त्यात एक चपटा, तपकिरी, लाल शेपटीचा मासा होता. महिनाभरात गेला. त्या म्हणायच्या, पाणी बिघडलं. परवा सुनेने लाल शेपटीचा कोलारे म्हटल्याबरोबर माझं लक्ष त्यांच्याकडेच. विचारलंच शेवटी त्यांनी, अगदी हळू आवाजात, "आणि त्याला ते दुकानातले दाणे घातले तर?" सून म्हणाली, "पुष्कळदा खात नाहीत, काकू. उपाशी राहतात." डॉक्टरीणबाईंनी बशी खाली ठेवली. वडा अर्धा तसाच. दुकानदाराने विकताना सांगायला नको होतं का हो? पण ते कशाला सांगतील.

आणि हे चोखंदळ मासे म्हणूनच महत्त्वाचे, ती म्हणत होती. ते आहेत म्हणजे प्रवाळ जिवंत आहे. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, आतलं शेवाळ निघून जातं म्हणून. फार दिवस तसं राहिलं की मरतं. 1998 साली लक्षद्वीपला, मालदीवला तसं झालं होतं, मैलोन्‌मैल पांढरं. मग जे प्रवाळच खाऊन जगतात त्यांनी काय करायचं? कमी होतात, दुसरं काय.

आता ऐका, खरी गंमत इथे आहे. जवळ या. टीव्हीच्या शेजारी शोकेसमध्ये काकांनी एक पांढरं, जाळीदार, फांद्याफांद्यांचं काहीतरी ठेवलं होतं. मखमलीच्या तुकड्यावर. आल्याआल्या सगळ्यांना दाखवलं होतं, "मालवणच्या किनाऱ्यावर सापडलं, नैसर्गिक शिल्प." मी हात लावून बघितलं, छान होतं. तर सून बोलता बोलता सहज म्हणाली, मालवणचा तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, एकोणतीस चौरस किलोमीटरचं, मच्छीमारांचा केवढा विरोध होता तेव्हा, माझे आजोबाही बोलायचे त्याबद्दल. आणि प्रवाळ तर 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वाघ आहे ना, त्याच यादीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही.

वाघाच्या यादीत!

अहो, काकांचा घास इथे अडकला. इथे. मी प्रत्यक्ष बघितलं. पाणी दिलं कुणीतरी. वहिनी उठल्या आणि शोकेससमोर अशा उभ्या राहिल्या की मागचं काही दिसू नये. त्या जाड नाहीत तशा, पण त्या दिवशी साडी कॉटनची होती, फुललेली, म्हणून निभावलं. सुनेच्या लक्षातच आलं नव्हतं बिचारीच्या. ती पुढे सांगत सुटली, बोटवाले कसे ओरडतात म्हणून, "ताई, खाली पाय टेकू नको, प्रवाळ मोडतला!" आणि आम्ही सगळ्या खाली मान घालून वडे खातोय, कुणी कुणाकडे बघेना, कारण बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

काल शोकेस रिकामी. मखमल तेवढी आहे. मी साखर मागायला गेले होते तेव्हा दिसलं. साखर होती हो माझ्याकडे… पण ते असो.

तर काय सांगत होते? रात्रीचं. कुणीतरी विचारलं, हे झोपतात का? झोपतात म्हणे. दिवस मावळला की आपापल्या कपारीत शिरतात, आणि अंगाचा रंगच बदलतो, मळकट होतो, डाग उमटतात. सकाळी परत नवे. आणि ती डोळ्यावरची काळी पट्टी का, तर डोळा ओळखू येऊ नये. काही जातींना शेपटीकडे एक काळा ठिपका असतो, गोल, डोळ्यासारखा. शिकाऱ्याला वाटतं तोंड तिकडे आहे, तो तिकडे झडप घालतो आणि हा उलट्या दिशेने पसार, असं मानतात. मी म्हटलं, ही युक्ती चांगली आहे. काही जणींकडे बघून आपल्यालाही कळत नाही तोंड कुठल्या दिशेला आहे.

पोरांच्या बाबतीत मात्र यांचं काही खरं नाही. एवढी निष्ठा जोडीदाराशी, आणि अंडी? संध्याकाळच्या वेळी दोघं वर पाण्यात जातात, अंडी सोडतात आणि परत खाली. संपलं! अंडी तरंगत जातात, साधारण दिवसाभरात फुटतात, पिल्लं समुद्रावर वाहत राहतात, कित्येक आठवडे. डोक्यावर हाडाची चिलखतं घालून येतात ती पिल्लं, तसं दुसऱ्या माशांत सहसा नसतं. मग एखाद्या रात्री कुठल्या तरी खडकाला लागतात आणि तिथलेच होऊन जातात. ज्या खडकावर आईबाप, त्यावर पोरं असतीलच असं नाही. हे ऐकून सगळ्यात आधी कोण हळहळलं असेल? सरांच्या मिसेस. मुलगा कॅनडात आहे ना. "बरंच आहे की," म्हणाल्या, "अपेक्षाच नाही कसली." मग जरा वेळ कुणी काही बोललं नाही.

पण मला आवडलेली गोष्ट अजून सांगितलीच नाही. हे मासे आपसात बोलतात! थट्टा नाही करत, हवाईच्या विद्यापीठातल्या ट्रिकस नावाच्या संशोधकाने ऐकलंय, यंत्र पाण्यात सोडून. शेजारची जोडी हद्दीवर आली की शेपटी झटकून, अंगाला हिसका देऊन टकटक, घुर्र असे आवाज काढतात. आणि ऐकायची व्यवस्था काय तर पोटातल्या हवेच्या पिशवीला पुढे दोन शिंगं फुटलेली, ती थेट डोक्यामागे, पाण्यातली हालचाल ओळखणाऱ्या नळीपर्यंत पोचलेली. अशी सोय बटरफ्लायमधल्या कीटोडॉन नावाच्या या मंडळींतच आहे, बाकी माशांत नाही. आणि ऐकू किती लांबचं येतं? अगदी जवळचं. हातभर अंतरावरचं. म्हणजे सगळ्या समुद्राला ऐकवायचं नाही, कुंपणाला कुंपण लागलेल्या शेजाऱ्याशी तेवढं बोलायचं. मला तर ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लोक उगाच नावं ठेवतात.

ती आणखी एक सांगत होती, विजयदुर्गापासून आत शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, आंग्रिया बँक. बँक म्हटल्यावर काका परत जागे झाले. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. वर पाणी वीसेक मीटर आणि खाली प्रवाळच प्रवाळ, 2019 च्या डिसेंबरात संशोधकांची बोट गेली होती तिथे. मालवणच्या पाण्यात गाळ असतो, पावसाळ्यात तर सगळं बंदच, पण तिथे म्हणे काचेसारखं. वहिनी लगेच, "आपण जाऊ या का?" काका म्हणाले, "पोहता येतं का तुला?" येत नाही त्यांना. ट्यूब होती म्हणून मागच्या वेळी. मला ते आधीच माहीत होतं, पण भिशीत सगळ्यांना त्याच दिवशी कळलं.

मी लहान असताना बाबांनी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला दाखवलं होतं, 1951 चं ते मत्स्यालय. तिथे काचेमागे असले चपटे रंगीत मासे होते. आता ते बंदच आहे. तेव्हा आम्ही सगळ्यांना रंगीत मासा एवढंच म्हणायचो आणि पुढच्या काचेकडे पळायचो. या पोरीने एका माशापाशी दीड तास बसवलं बघा आम्हाला. आणि मध्येच एकीने नवऱ्याला हा तळून कसा लागतो हेही विचारून घेतलं. हो, पाइपलाइन रोडच्या ताईंनी खरंच फोन लावला होता नवऱ्याला, ते कोकणात होते ना नोकरीला. सून हसली. म्हणाली, आमच्याकडे बोटवाल्याला विचारलंत तर तो सांगेल, "हो मासो खावचो नाय, बघूचो."

आता पैजेचं. दोघी हरल्या म्हणजे पार्टी दोघींनी द्यायची, यावर अर्धा तास वाद. मिसेस म्हणाल्या, मी निदान बटरफ्लाय तरी बरोबर सांगितलं होतं, बॅनर फिश पण त्याच कुळातला निघाला, म्हणजे माझे अर्धे मार्क धरा. वहिनी म्हणाल्या, मी पाण्यात उतरले म्हणून तुम्हाला बघायला तरी मिळाला. शेवटी ठरलं, खर्च निम्मा निम्मा आणि मेनू सुनेने सांगायचा.

"सांग गं, काय हवं तुला?" सगळ्या म्हणाल्या. पोरगी लाजली, मग आजींकडे बघितलं, मग जमिनीकडे. आणि म्हणाली, "बांगडा."

काय सांगू तुम्हाला! पंखा फिरत होता तेवढाच आवाज. वर्षभर पोरीने चकार शब्द काढला नव्हता, आणि मनात हे धरून होती. आजींचा हात परत माळेवर. आम्हाला वाटलं आता उठतात, चपला घालतात. पण आजी म्हणाल्या, आणि मी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगते, "माझ्या स्वयंपाकघरात नाही. माझ्या भांड्यांत नाही. एकादशी टाळून. आणि वास खाली येता कामा नये."

म्हणजे हो म्हणाल्या की नाही?

काल संध्याकाळी झालं ते, आमच्याच गच्चीवर. तवा डॉक्टरीणबाईंचा, शेगडी वहिनींची, बांगडे बर्फातले, पण चांगले निघाले. सून पदर खोचून तळत होती, मसाला तिच्या आईने पाठवलेला. कोण कोण खायला आलं त्यांची नावं मी घेणार नाही, कारण त्यातल्या दोघींच्या घरी अजून सांगितलेलं नाही. सरांच्या मिसेसनी काटे काढायला चष्मा लावला. काका जिन्यापर्यंत आले आणि परत गेले, मग परत आले.

आजी वर आल्याच नाहीत. खाली आमच्या हॉलमध्ये बसून राहिल्या, खिडक्या लावून, हरिपाठ म्हणत. सुनेने त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात सोलकढी केली होती, आधी, बांगड्याला हात लावायच्या आधी, तीही आमच्या खालच्या ओट्यावर. कोकम आणि नारळ, दुसरं काय असतं त्यात? माळेला चालतं. मी वाटी नेऊन दिली तर म्हणाल्या, "ठेव तिथे." पाणी आणायला परत गेले तेव्हा वाटी रिकामी. दुसरी मागितली त्यांनी. आणि तिसरी द्यायला गेले तेव्हा मला म्हणतात कशा, "तो तिरप्या रेघांचा मासा कोणता म्हणाली गं ती? जोडीने राहणारा? डे… डे काय?"

मी सांगितलं नाही. म्हटलं, सुनेलाच विचारा.